शॉर्ट कोर्स आरसी ट्रक: शर्यतीसाठी स्लॅश, एससी१०, टेक्नो की सेंटन?

फुफाटा

नमस्कार मंडळी. १/१० मापाचा, रिमोटवर चालणारा (आरसी) शॉर्ट कोर्स ट्रक घ्यायचा आहे, तोही शर्यतीसाठी. अंगणात फिरवायचा असता तर विचारलंच नसतं. ट्रॅक मुरमाचा आहे. सकाळी पाणी मारून रोलर फिरवतात, पण दुपारपर्यंत वरचा थर सुटतो आणि नुसता फुफाटा होतो. उड्या तीन, त्यातली एक दुहेरी. वर्ग दोन ठरतायत: टूडब्ल्यूडी म्हणजे दोन चाकं ओढणारा (मोटर आणि तिचा वेग ठरवणारा ईएससी कंपनीचेच, बदल नाही) आणि फोरडब्ल्यूडी खुला. दोन्हीत २एस लिपो, म्हणजे दोन सेलची लिथियम बॅटरी.

यादीत सध्या ट्रॅक्सस स्लॅश (दोन्ही प्रकार), टीम असोसिएटेड एससी१०, टेक्नो एससीटी४१० आणि आर्मा सेंटन ३एस आहेत. व्हिडिओ बघावेत तर सगळे छपरावरून उड्या मारण्याचे. शर्यतीत काय टिकतं, काय तुटतं आणि सेटिंग किती वेळ धरून राहतं ते जाणकारांनी सांगावं.

प्लॅनोकर

तुमच्या वर्गाचा नियमच अर्धं उत्तर देतोय. मोटर-ईएससी बदलायची नसेल तर टूडब्ल्यूडीमध्ये स्लॅश घ्या. इकडे अमेरिकेत कितीतरी क्लबांत ‘स्पेक स्लॅश’ असा वर्ग असतो: टायटन १२टी ब्रश मोटर, एक्सएल-५ ईएससी, आणि बहुतेक ठिकाणी टायरही ठरवून दिलेला. सगळ्यांकडे तीच गाडी असली की सेटिंगची चर्चाही सगळ्यांच्या कामाची होते आणि सुटे भाग एकमेकांच्या डब्यातून मिळतात.

थोडी पार्श्वभूमी. इथल्या खऱ्या शॉर्ट कोर्स शर्यती मेक्सिकोतल्या बाहासारख्या लांब पल्ल्याच्या नसतात. बंदिस्त, आखूड मार्ग, त्यावर उड्या आणि वळणं. मागची दोन चाकं ओढतात तो प्रो-२, चारही ओढतात तो प्रो-४. २००८ साली ट्रॅक्ससने स्लॅश आणली ती याच ट्रकची नक्कल म्हणून, आणि आरसीमधला हा वर्ग खऱ्या अर्थाने तिथून वाढला. रुंद बॉडी चाकांवरून बाहेर येत असल्याने दोन गाड्या घासल्या तरी चाकात चाक अडकत नाही. बग्गीच्या शर्यतीत जिथे दोघं उलटतात तिथे इथे दोघं पुढे निघून जातात. नवख्यांना हा वर्ग आवडतो त्याचं कारण हेच.

स्लॅश टूडब्ल्यूडीची खोट म्हणजे मूळ चासी. बॅटरी आणि बाकी सगळं उंचावर बसतं, त्यामुळे चिकटणाऱ्या ट्रॅकवर वळणात गाडी दोन चाकांवर येते आणि कलंडते. कंपनीचीच एलसीजी म्हणजे खाली बसणारी चासी मिळते. नियमात परवानगी असेल तर पहिला खर्च तिच्यावर करा. परवानगी नसेल तर शॉकवर चढवायचे प्लास्टिकचे स्पेसर काढून गाडी खाली घ्या आणि मागचे शॉक खालच्या आर्मच्या बाहेरच्या भोकात लावा.

सुटलेल्या मुरमावर मात्र कलंडण्यापेक्षा मागचा भाग फिरण्याचा त्रास जास्त होईल. तिथे उपाय टायरचा आहे, चासीचा नाही.

एससी१० उत्तम गाडी, पण तुमच्या नियमात तिचा फायदा वाया जातो. तिच्यात बॉल डिफ असतो (डिफ म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, इथे तो गोळ्यांवर चालतो). छान चालतो, पण त्याची निगा राखावी लागते. फुफाट्यात तर जास्तच.

चौदा_दाती

प्लॅनोकरांशी टूडब्ल्यूडीबाबत सहमत. पण फुफाटाराव, तुमच्या मातीत पहिली गाडी टूडब्ल्यूडी का? सुटलेल्या मुरमावर मागची दोन चाकं ओढणारी गाडी सरळ रेषेत ठेवण्यातच नवख्याचं सगळं लक्ष जातं. फोरडब्ल्यूडीला पुढची चाकं गाडी ओढून सरळ करतात, वळणातून लवकर गॅस देता येतो आणि उडीवर नाक वरखाली करायला चार चाकांचं वजन हाताशी असतं.

आता खुल्या वर्गातल्या तीन गाड्यांत नेमका फरक कुठे आहे ते सांगतो, कारण कॅटलॉगमध्ये तिन्ही ‘शाफ्ट ड्राइव्ह फोरडब्ल्यूडी’ म्हणूनच दिसतात.

स्लॅश ४x४ आणि सेंटन ३एस या दोन्हींत पुढे एक आणि मागे एक असे दोनच डिफ. मधे स्लिपर क्लच. म्हणजे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधलेला, दोन्हीकडे एकच वेग. स्लिपरचं काम उडी मारून उतरताना दात वाचवणं आणि सुटताना चाकं फिरू न देणं. एससीटी४१० मध्ये तीन डिफ: पुढे, मधे, मागे. स्लिपर नाही. मधला डिफ पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो, त्यामुळे वळणात गाडी ताणून धरल्यासारखी होत नाही आणि तीन तेलांनी गाडीचा स्वभाव बदलता येतो.

टेक्नो मुळात किट आहे. मोटर, ईएससी, स्टिअरिंग फिरवणारा सर्व्हो, रिसीव्हर, बॅटरी, टायर सगळं वेगळं घ्यायचं. चासीच्या किमतीवर बजेट ठरवलंत तर फसाल. सगळं मिळून खर्च साधारण दुपटीवर जातो. त्या बदल्यात एकेक भाग शर्यतीच्या मारासाठी बनवलेला असतो आणि सेटिंग आठवडाभर हलत नाही. शर्यत हाच उद्देश असेल तर शेवटी लोक तिथेच येतात, फक्त आधी दुसऱ्या गाडीत तेवढेच पैसे घालून येतात.

निमूट_वाचक

सेंटनवर कोणीच बोललं नाही.

चौदा_दाती

सेंटन ३एस बीएलएक्स पैशांच्या मानाने चिवट आणि वेगवान. पण ती मुळात पळवण्या-आपटण्यासाठी बांधलेली गाडी. शॉकचे पिस्टन, आर्मवरचे शॉकचे पर्याय, कॅम्बर लिंकची (चाकाचा उभा कल ठरवणाऱ्या दांडीची) भोकं, टो-इन म्हणजे चाकं आत वळण्याचा कोन बदलण्याची सोय हे सगळं शर्यतीच्या गाडीच्या मानाने मोजकं. क्लबच्या खुल्या वर्गात मधल्या क्रमांकात आरामात चालेल. पहिल्या तिघांत येण्यासाठी तिच्यात ओतायचे पैसे टेक्नोकडे वळवा.

तेलवाले_काका

वरच्या सगळ्या चर्चेत शॉक आणि तेल हा विषय दोन ओळींत उरकला. तीच गाडी, तोच टायर, फक्त शॉकचं तेल बदललं तर फेरीच्या वेळेत फरक पडतो. मोटरवर पैसे घालण्याआधी हे करून बघा.

पहिली गोष्ट: ‘३० नंबर तेल’ म्हणजे प्रत्येक कंपनीचं ३० सारखं नसतं. बाटलीवर सीएसटी म्हणजे तेलाच्या जाडीचं माप छापलेलं असतं, तो आकडा खरा. असोसिएटेडचं ३० म्हणजे ३५० सीएसटी, ३५ म्हणजे ४२५, ४० म्हणजे ५००. दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तर सीएसटी जुळवा, नंबर नको.

दुसरी: तेल गरम झालं की पातळ होतं. अमेरिकेतल्या सेटिंगशीट बंदिस्त हॉलसाठी किंवा थंड हवेसाठी लिहिलेल्या असतात. एप्रिलमध्ये विदर्भात किंवा मराठवाड्यात भर दुपारी तेच तेल घातलं तर गाडी उडी मारून उतरल्यावर चेंडूसारखी उसळते. तेव्हा एक पायरी जाड तेल. स्लॅश टूडब्ल्यूडीला आपल्याकडच्या उन्हाळ्यात पुढे ४० आणि मागे ३५ पासून सुरुवात करा, डिसेंबर-जानेवारीत दोन्हीकडे पाच-पाचने उतरा.

शॉक भरताना बहुतेक जण घाई करतात. रॉड पूर्ण खाली ओढून ठेवा, तेल काठापासून दोनेक मिलिमीटर खाली येईपर्यंत ओता, पिस्टन सावकाश चार-पाच वेळा वरखाली करा आणि शॉक उभा ठेवून बुडबुडे वर येईपर्यंत थांबा. पाच मिनिटं, कधी दहा. मग तेल काठोकाठ करा, टोपी तिरपी टेकवून फिरवा, जास्तीचं तेल बाहेर येऊ द्या. चारही शॉक हातात धरून दाबा. दाबताना खळखळ आवाज आला तर आत हवा राहिली. दाबून सोडल्यावर रॉड जोरात बाहेर आला तर तेल जास्त झालं. पुढची जोडी एकमेकीसारखी लागली पाहिजे, मागची जोडी एकमेकीसारखी. डावा मऊ आणि उजवा कडक असलेली गाडी एका बाजूच्या वळणात छान जाते आणि दुसऱ्या बाजूला फसते. लोक मग स्टिअरिंग ट्रिमशी खेळत बसतात.

फुफाटा

काका, डिफच्या तेलाचंही सांगा ना. तीन डिफमध्ये वेगवेगळं तेल का घालतात?

तेलवाले_काका

तेल जितकं जाड तितका डिफ ‘बांधलेला’. म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना धरून फिरतात. पातळ असेल तर ज्या चाकाला जमीन कमी तिकडे ताकद पळून जाते.

आता मधला डिफ बघा. गॅस दिला की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात. मधलं तेल पातळ असेल तर ताकद त्या हलक्या चाकांकडे पळते. टायर हवेत फुग्यासारखे फुगतात आणि गाडी पुढे सरकत नाही. तेल जाड केलं की मागे ताकद टिकते, गाडी जोरात सुटते, पण खडबडीत जागी उद्धटपणे वागते. पुढचा डिफ जाड केला तर गॅस देऊन वळणातून बाहेर पडताना गाडी सरळ ओढते, मात्र आत शिरताना वळायला कमी तयार असते. मागचा पातळ ठेवला तर मागचा भाग शांत राहतो, वळण सोपं होतं.

सुरुवातीला पुढे ५०००, मधे ७०००, मागे ३००० सीएसटी. मुरूम फार सुटा असेल तर मधलं ५००० करा. एका वेळी एकच डिफ बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

स्लॅश ४x४ मध्ये मधला डिफ नाही, तिथे पुढे १०,००० आणि मागे ५००० हे चालतं. कंपनी मधला डिफ वेगळा विकते, पण तो बसवला की स्लिपरचं संरक्षण जातं हे लक्षात ठेवा. स्लॅश टूडब्ल्यूडीच्या डिफला सील नाही. त्यात तेल घालू नका, बाहेर येऊन सगळी धूळ चिकटेल. घट्ट ग्रीस भरा.

भरताना आतल्या आडव्या पिनेच्या वरच्या कडेपर्यंतच तेल. गळण्याचं कारण बहुतेक वेळा जास्त तेल किंवा चुरगळलेलं गॅस्केट. स्क्रू समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळा.

घाटावरचा

टोप्या काकांच्या चरणी. गिअरिंगचा एक भाबडा प्रश्न: व्हीएक्सएल (ब्रशलेस मोटरवाली) स्लॅश ४x४ २एसवर किती पळेल हे आधी काढता येतं का? दुकानदार म्हणतो पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) मोठा लावा, मोटर तीच.

चौदा_दाती

काढता येतं. तिच्यातली व्हेलिनिऑन ३५०० मोटर व्होल्टमागे मिनिटाला ३५०० फेरे मारते. २एस लिपोचे ७.४ व्होल्ट धरले तर २५,९०० फेरे. मूळ जोडी १३ दातांचा पिनियन आणि त्याने फिरणारा मोठा गिअर म्हणजे ५४ चा स्पर: ५४ भागिले १३ म्हणजे ४.१५, त्याला डिफचं गुणोत्तर २.८५ ने गुणा, ११.८ आलं. म्हणजे मोटरचे ११.८ फेरे झाले की चाकाचा एक. टायर साधारण १०९ मिलिमीटर व्यासाचा, घेर ३४२ मिमी. हिशेब करून ताशी ४५ किलोमीटर येतात. प्रत्यक्षात थोडे कमी, कारण भाराखाली मोटर तेवढे फेरे मारत नाही.

पिनियन १४ केला की तोच हिशेब ४८ वर जातो. साडेतीन किलोमीटरसाठी मोटर किती तापते ते बघा. छोट्या ट्रॅकवर ४५ सुद्धा फक्त एका सरळ पट्ट्यात मिळतात, बाकी सगळं वळणातून बाहेर पडण्याच्या जोरावर. उलट एक दात कमी केला तर गाडी लवकर सुटते आणि मोटर थंड राहते. दुकानदाराला सरळ पट्ट्याची शर्यत माहीत असावी.

टूडब्ल्यूडी स्लॅशचं आतलं गुणोत्तर २.७२ आहे, बाकी रीत तीच. पण पिनियन मागवताना पिच बघा. टूडब्ल्यूडीला ४८ पिचचे बारीक दात, ४x४ ला ३२ पिचचे जाड. एकमेकांत बसवले तर स्पर पहिल्याच सरळ पट्ट्यात टकला होतो.

तापमान: पाच मिनिटं शर्यतीच्या वेगाने चालवून लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर मोटरच्या डब्याला लावा. ७० अंशांपर्यंत ठीक, ८० ला एक दात कमी करा, त्यावर गेलात तर चुंबक हळूहळू कमजोर होतात आणि ते परत येत नाहीत. मे महिन्यात बाहेर ४२ असताना जी जोडी काठावर चालते ती चालवू नका.

पिनियन-स्परची माया वहीच्या कागदाच्या पट्टीने जमवा. पट्टी दोघांमध्ये घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. चुणी पडली पण फाटली नाही तर बरोबर. मग स्पर पूर्ण फिरवून तीन-चार जागी तपासा, कारण प्लास्टिकचा स्पर बरेचदा किंचित वाकडा असतो.

म्हापशेकर

टायरबद्दल. गोव्यातली आणि कोकणातली लाल माती कोरडी असताना मुरमासारखीच वागते, पण ओली झाली की टायरच्या खाचा भरतात आणि गुळगुळीत चेंडू होतो. एकाच टायरने दोन्ही भागत नाही.

सुटलेल्या मुरमाला उभे, अंतर राखून असलेले ठोकळे लागतात. वरचा भुसा बाजूला करून ते खालच्या घट्ट थराला धरतात. सकाळी रोलर फिरवलेल्या ओलसर ट्रॅकवर बारीक, दाट दाण्यांचा टायर चालतो. म्हणजे सकाळच्या फेऱ्या आणि दुपारची फायनल यांना दोन जोड्या. एकच परवडत असेल तर ठोकळेवाला घ्या, सकाळी थोडं सहन करा.

रबर किती मऊ हे कंपनी रंगाने किंवा अक्षराने सांगते. प्रो-लाइनचा एम३ मऊ, एम४ त्याहून मऊ. जेकन्सेप्ट्समध्ये निळा मऊ, हिरवा जास्त मऊ. आपल्याकडे जमीनच इतकी तापते की अति मऊ रबर एका दिवसात झिजून खाचा गोल होतात. एम३ किंवा निळा पुरे.

चिकटवणं आपल्याकडे फेविक्विकवर चालतं, पण त्याआधी टायरची आतली कड आणि रिमची खाच स्पिरिटने पुसा. साच्याचं तेल राहिलं तर कितीही गोंद घाला, तिसऱ्या उडीला टायर निघून येतो. रिमच्या खाचेत कड नीट बसवून रबर बोटाने थोडं मागे ओढा, एक थेंब, सोडा, इंचभर पुढे पुन्हा. एक बाजू पूर्ण वाळल्यावरच दुसरी.

फोम दोन तऱ्हेचा. बरोबर येतो तो बहुतेकदा उघड्या छिद्रांचा, पाणी पितो. पावसाळ्यात चाक दुप्पट जड होतं आणि सरळ पट्ट्यावर गाडी थरथरते. बंद छिद्रांचा महाग, पण आकार धरून राहतो. उघड्या फोमसाठी टायरच्या मध्यरेषेवर समोरासमोर दोन भोकं पाडा, दोनेक मिलिमीटरची. पाणी आणि धूळ फिरताना बाहेर फेकली जाते.

आणि हो, स्लॅश टूडब्ल्यूडीची पुढची आणि मागची चाकं वेगळी. पुढची मागे बसत नाहीत. ४x४ ची चारही एकच, आणि तीच टूडब्ल्यूडीला मागे चालतात. एससी१० चे रिम स्लॅशला लावू नका, चाक आत-बाहेर सरकण्याचं माप वेगळं आहे. रुंदी २९६ मिलिमीटरच्या पुढे गेली तर तपासणीत गाडी बाहेर.

निमूट_वाचक

उडी मारताना गाडी हवेत मागे ओढल्यासारखी होते आणि नाक वर जातं. ट्रकच्या बॉडीमुळे होतं म्हणतात. खरं का?

प्लॅनोकर

खरं. बॉडी मोठी, पोकळ आणि मागून बंद. खालून शिरलेली हवा मागच्या भिंतीला अडते आणि सगळी बॉडी हवेत थांबते. याला इकडे पॅराशूटिंगच म्हणतात. बग्गीवरून ट्रकवर येणाऱ्यांना पहिला धक्का याचाच बसतो.

उपाय: मागच्या दाराची भिंत आणि मागच्या चाकांमागचा भाग कापायचा. काही बॉडीवर कापण्याच्या रेषा आखलेल्याच असतात. आधी नियम वाचा, काही क्लब खिडक्या आणि मागचा भाग एवढंच कापू देतात. कापताना कोपरे काटकोनी ठेवू नका. रीमरने कोपऱ्यात गोल भोक पाडून मग कात्रीने भोकापासून भोकापर्यंत कापा. काटकोनी कोपऱ्यातूनच लेक्सनला (बॉडीच्या पातळ प्लास्टिकला) चीर जाते. आतून कापडी जाळीची पट्टी आणि शू ग्लू लावला तर बॉडी दुप्पट टिकते.

बाकी हवेतलं काम बोटाचं. नाक वर गेलं तर ब्रेकचा एक टिचका, चाकं थांबतात आणि नाक खाली येतं. नाक खाली गेलं तर गॅस. टूडब्ल्यूडीला हे फक्त मागच्या चाकांवर होतं म्हणून परिणाम कमी, त्यामुळे उडीच्या चढावर गॅस एकसारखा ठेवणं महत्त्वाचं. चढाच्या टोकाला गॅस सोडला की नाकावर आपटलीच म्हणून समजा.

फुफाटा

मजा येतेय. काय तुटतं त्याबद्दल कोणी सांगाल? आणि बॅटरी, पार्सल वगैरे.

चौदा_दाती

स्लॅश टूडब्ल्यूडी: पुढचे आर्म, मागचे हब कॅरिअर, आणि मूळ सर्व्होचे प्लास्टिकचे दात. आर्म आणि कॅरिअर आरपीएम कंपनीचे बसवा. ते वाकतात आणि परत येतात. अ‍ॅल्युमिनियमचे रंगीत भाग दिसायला छान, पण तिथे न तुटलेली ताकद पुढच्या भागावर जाते. कॅरिअर वाचतो आणि चासी तुटते, जी दहापट महाग. सर्व्हो धातूच्या दातांचा घ्या, स्टिअरिंगची माया लगेच कमी होते.

स्लॅश ४x४: प्लास्टिकचे अर्धे शाफ्ट चिकट ट्रॅकवर पिळवटतात, आणि डिफच्या मोठ्या-छोट्या गिअरमध्ये माया वाढली की कर्र आवाज येतो. आवाज आला त्या दिवशीच उघडा. मोठ्या गिअरच्या मागे शिम (पातळ चकती) घालून माया कमी करा: गिअर फिरवताना किंचित खेळ वाटावा, पण कुठे अडकू नये. दोन फेऱ्या उशीर केलात तर दोन्ही गिअर बदलावे लागतात.

सगळ्या गाड्यांना लागू: धातूत धातूचा स्क्रू असेल तिथे निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), प्लास्टिकमध्ये कधीच नाही, प्लास्टिक ठिसूळ होतं. मोटर माउंटचे स्क्रू दर शर्यतीच्या दिवशी तपासा.

बेअरिंग मुरमाने मरतात. चाक हाताने फिरवून कानाशी धरा. खरखर आली तर बदला. शर्यतीनंतर पाण्याचा पाइप मारू नका. मऊ ब्रश, मग कॉम्प्रेसरची हवा, तीही बेअरिंगवर सरळ न धरता. वंगण म्हणून डब्ल्यूडी-४० नको, धूळ खेचतं.

तेलवाले_काका

एससी१० घेणाऱ्यांसाठी राहून गेलं: बॉल डिफ स्लिपरच्या आधी कधीही घसरता कामा नये. दोन्ही मागची चाकं घट्ट धरा आणि अंगठ्याने स्पर ढकला. स्लिपर सरकला पाहिजे, डिफ नाही. डिफ सरकला तर आधी त्याचा स्क्रू थोडा आवळा. तसाच चालवलात तर गोळ्या चपट्या होतात आणि रिंगवर चर पडतात.

स्लॅशच्या स्लिपरची सोपी रीत: नट स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आवळा, मग अर्धा ते एक फेरा सैल. थांबलेल्या गाडीला गॅस दिला की फूटभर बारीक कुईं आवाज यावा, मग पकड. मुरमावर थोडा जास्त सैल चालतो, तोच सुटताना चाकं फिरणं आवरतो. पण मीटर-दोन मीटर कुईं करत राहिला तर पॅड जळतात.

प्लॅनोकर

बॅटरी: २एस हार्डकेस, साधारण १३९ x ४७ x २५ मिलिमीटर, ५००० एमएएच. चार्ज १सी, म्हणजे ५ अँपिअर, बॅलन्स लीड लावूनच. पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर सेलमागे ३.८ वर आणून ठेवा. भरून ठेवलेली लिपो उन्हात गाडीच्या डिकीत ठेवली की फुगते, आणि फुगलेली परत चार्ज करायची नाही.

एक्सएल-५ वाल्यांनी हे आवर्जून बघा: ईएससीचा दिवा हिरवा असेल तरच लिपोचं संरक्षण चालू आहे. लाल असेल तर बंद, म्हणजे बॅटरी तळाला जाईपर्यंत गाडी पळत राहील. जुनी गाडी हातात घेतली की पहिलं काम हे.

पार्सलबद्दल भारतातल्या मंडळींनी सांगावं.

घाटावरचा

लिपो हवाई पार्सलने मागवायच्या भानगडीत पडू नका, इथल्याच दुकानातून घ्या. आरटीआर म्हणजे तयार गाडीत रेडिओ असतो, आणि रेडिओ असला की कस्टम्समध्ये डब्ल्यूपीसीच्या ईटीएची (सरकारच्या वायरलेस विभागाच्या मंजुरीची) विचारणा होऊ शकते. इथला विक्रेता आधीच आणून विकत असेल तर तो प्रश्न त्याचा. किटमध्ये रेडिओ नसतो म्हणून ते सोपं जातं. सुटे भाग थोडे थोडे मागवण्यापेक्षा दोघातिघांनी मिळून एकदा मागवा, कुरिअरचा खर्च भागांपेक्षा जास्त होतो.

फुफाटा

ठरलं. टूडब्ल्यूडी वर्गासाठी स्लॅश एक्सएल-५, बरोबर आरपीएमचे पुढचे आर्म, मागचे कॅरिअर, धातूच्या दातांचा सर्व्हो आणि ठोकळेवाले टायर. भाऊ पुढच्या मोसमात खुल्या वर्गासाठी एससीटी४१० घेणार म्हणतोय. त्याच्याकडे जुन्या स्लॅश ४x४ चे चार-पाच पिनियन पडून आहेत, ३२ पिचचेच. टेक्नोला चालतील ना?

चौदा_दाती

पिचच जुळत नाही. टेक्नोचा स्पर मॉड १ चा, ३२ पिचहून जाड दातांचा. शिवाय भोक बघ. व्हेलिनिऑनचा शाफ्ट ३.१७ मिलिमीटरचा. एससीटी४१० मध्ये लोक चार ध्रुवांची ५५० मोटर टाकतात, ४००० ते ४६०० केव्हीच्या (व्होल्टमागे फेऱ्यांच्या) दरम्यान, आणि तिचा शाफ्ट बहुतेक ५ मिलिमीटरचा असतो. ते पिनियन त्यावर चढणारच नाहीत. भोक मोठं करायला लेथवाल्याकडे नेऊ नकोस, मध्य चुकला की स्पर खातो. मॉड १ चे, ५ मिमी भोकाचे १४, १५ आणि १६ दातांचे तीन घे, कडक स्टीलचे. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर बसव आणि त्याला निळं लॉकटाइट लाव.

फुफाटा

कळवतो भावाला. १५ पासून सुरू करू का?

चौदा_दाती

१४ पासून. पाच मिनिटांनी मोटर ६० च्या खाली असली तर १५ लाव.